नर्मदेचे गोटे आणि पायांतल्या रोहिण्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ग्वारीघाट, जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेतले एक पुष्प आम्ही गुंफावे अशी आज्ञा झाली आणि विषयाची निवड चिटणीसांनी आमच्यावरच सोपविली. आम्ही विषय सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उतरलेला आम्ही पाहिला. सोहळ्याच्या वर्षी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, निदान जबलपुरातील मराठी वस्तीचा इतिहास असे काही कानांवर पडेल, ही त्यांची अपेक्षा गैर नव्हती. आम्ही मात्र म्हणालो, 'चुना धरलेल्या पायांच्या रोहिण्या आणि मोठी चीर न देता त्यांवर करावयाचे उपचार.' चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, जेवणाआधी की जेवणानंतर?' जेवणाआधी ठेवल्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

विषयाची निवड लहरीने केलेली नाही. मंडळाच्या पहिल्या वर्षीची कोजागिरी याच ग्वारीघाटावर साजरी झाली होती. दुधाची पातेली दोघादोघांनी धरून पायऱ्यांवरून खाली नेली होती आणि ती नेणारांत आम्हीही होतो. त्या रात्री जी मंडळी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली, त्यांतली बरीचशी आज या सभागृहात आहेत. आज संध्याकाळी त्यांतले कितीजण खाली गेले? आम्ही दारात उभे राहून मोजत होतो. निम्म्यांनी वरच्या रस्त्यावरूनच नर्मदामैयाला हात जोडले. कोणी गुडघ्याकडे बोट दाखविले, कोणी दम लागतो म्हणाले, आणि बहुतेकांनी 'आता वय झाले' एवढ्यावर भागविले. वय झाले हे खरेच. परंतु वय हे काही पायाच्या रोगाचे नाव नव्हे, आणि ज्यांना खरा रोग आहे ते या उत्तराच्या आड सुखाने लपून राहतात. आमच्या घरातले एक माणूस असेच लपून राहिले आणि आम्ही, म्हणजे घरचा डॉक्टर, त्यांना लपू दिले.

आमचे थोरले बंधू अण्णा आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. नोकरीनिमित्त या गावी प्रथम तेच आले, मागाहून आम्ही. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ग्वारीघाटावर यायचे, पाण्याशी पाच मिनिटे बसायचे आणि परतायचे, हा त्यांचा नेम. त्यांना मधुमेह होऊन वीस वर्षे झाली होती. कधीतरी ते बोलता बोलता म्हणाले, 'उतरताना काही नाही रे, पण चढताना मधल्या टप्प्यावर उजव्या पोटरीत गोळा येतो. दोन मिनिटे उभा राहिलो की जातो.' पुढे ते दोनदा थांबू लागले. आम्ही गुडघा वाजवून पाहिला, तो वाजला, आणि आम्ही संधिवाताचे निदान करून मोकळे झालो.

वस्तुतः अण्णांनी त्या एका वाक्यात रोगाची संपूर्ण व्याख्या सांगितली होती. चालताना दुखते, थांबले की राहते, पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा दुखते. गुडघा असा वागत नाही. तो उभे राहिल्यानेही दुखतो आणि उतरताना तर अधिकच. चालताना पोटरीच्या स्नायूंना रक्त अधिक लागते; ते आणणारी नळी अरुंद झाली असेल तर मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि स्नायू ओरडतो. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने हे लक्षण एका घोड्यात वर्णिले. घोडा थोडे धावला की लंगडे, विसावा दिला की पुन्हा नीट चाले. माणसातले तसेच वर्णन शार्को यांनी १८५८ साली केले. म्हणजे टांग्याच्या घोड्याचे जे निदान जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झाले, ते आम्हाला आमच्या सख्ख्या भावाचे करता आले नाही.

२०११ साली अण्णा नावेने पलीकडच्या तीरावरील गुरुद्वाऱ्यास गेले आणि नावेतून उतरताना त्यांच्या उजव्या अंगठ्याला लागले. मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झाली होती. जखम झाल्याचे त्यांना घरी आल्यावर, धोतराला लागलेल्या रक्तावरून कळले. आम्ही रोज संध्याकाळी जाऊन पट्टी बदलू लागलो. दोन आठवडे गेले, चार गेले. जखम बरी होईना. तेव्हा आम्हांस रक्तपुरवठ्याची शंका आली आणि आम्ही एक साधी परीक्षा केली. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून दाब मोजायचा, तोच पट्टा घोट्याला बांधून तेथला मोजायचा, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येते, ते ०.९ च्या खाली उतरले तर पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असे समजावे. अण्णांच्या दंडाचा दाब १४० होता आणि घोट्याचा २१०. उत्तर आले दीड. आम्ही हर्षभरित होऊन वहिनींना सांगितले की रक्तपुरवठा उत्तम आहे, चिंता नसावी.

तो दीड हाच धोक्याचा आकडा होता. पट्टा फुगवून आपण रोहिणी दाबतो आणि ती किती दाबाला मिटते ते पाहतो. रोहिणी मऊ असली तरच या मोजणीस अर्थ. ती चुन्याने कडक झालेली असेल तर पट्ट्याला दाद देत नाही. आत रक्ताचा थेंब का वाहत असेना, आकडा मोठाच येतो. १.४ च्या वरचा आकडा म्हणजे 'मोजणी फसली' असे समजावयाचे असते, आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब पाहावयाचा असतो, कारण तिथल्या बारीक रोहिण्या बहुधा तितक्या कडक होत नाहीत. हे आम्ही केव्हातरी वाचले होते. वाचलेले वेळेवर आठवले नाही.

आणखी तीन आठवड्यांनी अंगठा काळा पडला, आणि मग पाऊल. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर वहिनी आम्हांस एकच वाक्य म्हणाल्या, 'भावजी, तुम्ही रोज पट्टी बदललीत. पण पायाची नाडी कधी पाहिलीत का हो?' आम्ही पाहिली नव्हती. दर दसऱ्याला सोने देऊन, दर पाडव्याला, आम्ही अण्णांच्या पावलांना हात लावून नमस्कार करीत आलो. पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या मागच्या शिरेच्या बाजूला एक नाडी लागते; घोट्याच्या आतल्या हाडामागे दुसरी लागते. नमस्काराचा हात तेथून दोन बोटांवर असतो. पन्नास वर्षे तो हात तेथे गेला आणि नाडीवर टेकला नाही.

हे आम्ही आज अण्णांच्या अनुमतीने सांगत आहोत. ते पहिल्या रांगेत बसले आहेत.

आता हा चुना येतो कोठून, ते पाहू. इथला माणूस पहिला दोष देतो तो पाण्याला, त्यानंतर कॅल्शियमच्या गोळ्यांना. नर्मदेत प्रत्येक कंकर शंकर असतो, तसा तो आपल्या पोटातही जात असेल अशी काहीशी ही समजूत आहे. पाण्यातून येऊन गाळासारखा बसणारा हा क्षार नव्हे. रोहिणीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, तंबाखू आणि वार्धक्य यांच्या माराने त्या आपला धर्म सोडतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. भेडाघाटचा संगमरवर आपण सर्वांनी पाहिला आहे. तो कार्बोनेटचा दगड. रोहिणीत साठतो तो फॉस्फेटचा क्षार, आपल्या हाडांत असतो त्याच जातीचा. थोडक्यात, नळीच्या भिंतीत हाड उगवते. दूध सोडून ते विरघळत नाही, आणि शिरा मोकळ्या करण्याच्या नावाखाली ज्या बाटल्या विकल्या जातात त्यांनीही विरघळत नाही.

या कॅल्सीभवनाचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींतला भेद जाणून घेण्यासारखा आहे. एक आतल्या अस्तरात, चरबीच्या थरासोबत होते. ते नळीचा मार्ग अडविते. दुसरे भिंतीच्या मधल्या थरात, कड्यांच्या स्वरूपात होते. म्योंकेबेर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०३ साली त्याचे वर्णन केले. साध्या क्ष-किरण चित्रात पोटरीतून आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा गेलेल्या दिसतात, त्या याच. मधुमेह्यांत आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत गुडघ्याखाली हा प्रकार विशेष आढळतो. पुष्कळांत दोन्ही एकत्र नांदतात. अण्णांत दोन्ही होते.

मराठीत आपण 'नर्मदेतला गोटा' असे एखाद्याला उपहासाने म्हणतो. कितीही पाणी वाहो, आत ओल शिरत नाही. पायांच्या रोहिण्यांत झालेल्या अशा गोट्याचे करायचे काय, हा प्रश्न शल्यचिकित्सकांनी दीर्घकाळ दोनच मार्गांनी सोडविला. एक म्हणजे बायपास, पायातलीच एखादी नीला काढून अडथळ्याला वळसा घालणारा रस्ता बांधणे. तो चांगला मार्ग आहे. परंतु नीला धड असावी लागते, खालची रोहिणी जोडण्याजोगी असावी लागते आणि रुग्णाचे हृदय भूल सोसण्याजोगे असावे लागते. दुसरा मार्ग करवतीचा.

तिसरा मार्ग १९६४ साली उघडला. त्या वर्षीच्या १६ जानेवारीस, अमेरिकेत पोर्टलंड येथे, चार्ल्स डॉटर नावाच्या क्ष-किरणतज्ज्ञापुढे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिचे पाऊल सडू लागले होते आणि पाय कापून घेण्यास तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीच्या रोहिणीत तार घातली, त्या तारेवरून एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवल्या आणि अरुंद जागा रुंद केली. पाऊल उबदार झाले. ती बाई मरेपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. एवढे होऊनही त्यांच्या देशातले शल्यचिकित्सक वर्षानुवर्षे त्यांना विक्षिप्त समजत राहिले. एकाने तर रुग्ण पाठविताना चिठ्ठीत बजावले होते की चित्र तेवढे काढावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. युरोपातल्या तरुण डॉक्टरांनी मात्र ती विद्या उचलली. त्यांपैकी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाला न फाटणारा लांबट फुगा बसविला. स्वयंपाकघरातल्या मेजावर ते हे फुगे तयार करीत. १९७४ साली झुरिच येथे त्यांनी तो पायाच्या रोहिणीत वापरला आणि १९७७ साली हृदयाच्या. आज घरोघरी लोक 'ॲंजिओप्लास्टी' हा शब्द हृदयासाठी वापरतात; तिचा जन्म पायात झाला, हे आम्हांस नेहमी गमतीचे वाटते.

परंतु फुगा चरबीच्या मऊ थराला दबवतो, हाडाला नव्हे. कॅल्शियमच्या कड्यात फुगा फुगविला की तो दोन्ही टोकांना फुगतो आणि मध्ये आवळलेलाच राहतो. पडद्यावर अगदी शंकराच्या डमरूसारखा दिसतो. दाब वाढवावा तर कडे तसेच राहते आणि शेजारची मऊ भिंत चिरते. जाळी, म्हणजे स्टेंट, बसवावी तर ती पुरती उघडत नाही. आणि गुडघ्यामागच्या सतत वाकणाऱ्या भागात जाळी बसवायला कोणी राजी नसतो. मग कोणी हिऱ्याचे कण बसविलेले, वेगाने फिरणारे टोक आत घालून कॅल्शियम घासून काढू लागले. ही साधनेही उपयोगी आहेत. मात्र घासलेला भुगा खाली वाहून जाऊन पावलाच्या बारीक वाटा बंद करण्याचा धोका त्यांत राहतो. तेव्हा दगड फोडायचा, पण दगडाखालचे कापड फाटू द्यायचे नाही, असा हा पेच.

तो सोडविणारी कल्पना मुतखड्याच्या उपचारातून आली. डॉर्निअर ही जर्मनीतली विमानांची कंपनी. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूवर खड्डे का पडतात, याचा शोध घेता घेता तिथल्या मंडळींना आघातलहरींचा गुण कळला. या लहरी पाण्यातून आणि मांसातून फारसा त्रास न देता पार होतात, पण कठीण वस्तू लागली की तेथे ऊर्जा सोडून ती तडकवतात. १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकला मूत्रपिंडातला खडा या रीतीने शरीराबाहेरून प्रथम फोडला गेला. जबलपुरातही मुतखडा असा फोडून घेतलेले पुष्कळ असतील. हीच युक्ती रोहिणीत न्यायची तर लहर उत्पन्न करणारे यंत्र नळीत मावेल इतके लहान हवे. ते साधल्यावर २०१६ साली अमेरिकेत पायांच्या रोहिण्यांसाठी या उपचारास मान्यता मिळाली आणि २०२१ साली हृदयाच्या रोहिण्यांसाठी.

क्रिया अशी. जांघेत जागा बधिर करून सुईने रोहिणीत शिरकाव करतात. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांशी बोलू शकतो. तार अडथळ्यापार नेतात, आणि खरी कसोटी पुष्कळदा येथेच लागते, कारण पूर्ण बंद वाटेतून तार जाता जात नाही. कधी पावलाच्या बाजूने दुसरी तार वर आणून दोघींची गाठ घालावी लागते. तार गेली की तिच्यावरून फुगा सरकवतात. या फुग्यात मिठाचे पाणी आणि क्ष-किरणांत दिसणारे औषध यांचे मिश्रण असते, आणि त्याच्या आतल्या दांड्यावर ठिणगी पाडणारी बारीक विद्युत्साधने बसविलेली असतात. फुगा चारच वातावरणांच्या दाबाला, म्हणजे भिंतीला टेकेल इतपतच फुगवतात. मग कळ दाबली की सेकंदाला एक या गतीने ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीसरशी द्रवात वाफेचा बुडबुडा फुगून विरतो आणि त्यातून निघालेली लहर भिंतीत घुसते. मऊ थर तिला वाट देतात, कॅल्शियम तडकते. आतल्या अस्तरातलेही तडकते आणि मधल्या थरातलेही, हा या पद्धतीचा विशेष. कॅल्शियम बाहेर काढले जात नाही. ते जेथल्या तेथे भेगाळते, कडे मोडते, आणि भिंत पुन्हा लवचिक होते.

हे सारे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. काचेपलीकडून पाहिले आहे. २०२३ च्या पावसाळ्यात अण्णांचा डावा, म्हणजे उरलेला पाय रात्री ठणकू लागला. पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरे वाटे, आडवे झाले की पुन्हा ठणका. या लक्षणाचा अर्थ या वेळी आम्ही ओळखला. रक्त आता केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरत होते. करंगळी निळसर झाली होती आणि टाचेवर रुपयाएवढी जखम होती. अंगठ्याचा दाब निघाला २८. जबलपुरात एका ठिकाणी डावाही पाय कापण्याचा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याचे वय फार नव्हते, हेतूही वाईट नव्हता. वहिनींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, 'एकदा आम्ही विचारल्यावाचून होय म्हटले. आता विचारल्यावाचून म्हणणार नाही.' रोहिण्यांचे चित्र काढल्यावाचून आणि रक्त पोहोचविण्याचा मार्ग तपासल्यावाचून पाय कापण्यास संमती देऊ नये, ही आजच्या वैद्यकशास्त्राची सर्वमान्य शिकवण वहिनींनी अशी आपल्या बोलीत सांगितली. अपवाद एकच. सेप्सिस पसरून जीव धोक्यात असेल तर थांबता येत नाही.

आम्ही प्रथम नागपूर गाठले. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. राजधानी गेली, मात्र जबलपूरचा आजारी माणूस अजूनही नागपूरचीच वाट धरतो. तेथून मुंबईस पाठविले गेले. अण्णांची मांडीतली रोहिणी गुडघ्याच्या वर वितभर आणि गुडघ्यामागे कॅल्शियमने घट्ट झाली होती. खाली पोटरीतल्या तीनपैकी एकच वाट कशीबशी जिवंत होती. डॉक्टरांनी मूत्रपिंडांची काळजी घेऊन औषध मोजके वापरले. तार पार जायला सव्वा तास लागला. साधा फुगा घातला. पडद्यावर डमरू दिसला. दाब वाढविला, डमरू तसाच. मग दुसरा, लहरींचा फुगा घातला. काचेपलीकडून बारीक टिकटिक ऐकू येत होती. अण्णा मध्येच म्हणाले, 'माझ्या पायात घड्याळ ठेवले काय?' चौथ्या फेरीनंतर डमरूची कंबर सुटली. पडद्यावर फुगा सरळ काकडीसारखा झाला, आणि औषध पावलापर्यंत धावत गेलेले आम्ही पाहिले. त्यानंतर भिंत पुन्हा जाड होऊ नये म्हणून औषधाचा लेप असलेला फुगा दोन मिनिटे धरला. जाळी बसवावी लागली नाही.

करंगळी गेली. टाचेची जखम भरायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत पट्टी बदलण्याचे काम वहिनींनी आमच्याकडे दिले नाही, नर्सबाईंना दिले. आज अण्णा उजव्या बाजूस जयपूर फूट आणि डाव्या बाजूस स्वतःचे पाऊल, असे काठी टेकीत चालतात. पाण्यापर्यंत जाणे त्यांना जमत नाही; वरच्या आठ पायऱ्या ते उतरतात.

आपल्यापैकी कोणाला यावरून वाटेल की टिकटिक झाली की पाय वाचला. तसे नव्हे. मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या कठीण रोहिण्यांच्या ३०६ रुग्णांवर साधा फुगा आणि लहरींचा फुगा यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. वाट समाधानकारक उघडण्याचे प्रमाण लहरींच्या गटात सुमारे ६६ टक्के होते, साध्या फुग्याच्या गटात ५०. जाळी बसवावी लागली ती अनुक्रमे सुमारे ५ आणि १८ टक्क्यांत. म्हणजे लाभ खरा आहे, परंतु शंभरातल्या एकतृतीयांश रुग्णांत नव्या साधनानेही वाट ठरविलेल्या मापापर्यंत उघडली नव्हती. गुडघ्याखालच्या बारीक रोहिण्यांबद्दलचा अनुभव अजून इतका भक्कम नाही. शिवाय या एका कॅथेटरची किंमत लाखांच्या घरात जाते आणि ते एकाच रुग्णासाठी वापरावयाचे असते. विम्याचा अर्ज भरताना आम्हांस या गोष्टीचा पुरेपूर परिचय झाला.

बायपास जुना झाला असेही कोणी समजू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे अठराशे रुग्णांच्या 'बेस्ट-सीएलआय' या अभ्यासात, पायातली मोठी नीला चांगली असेल अशा रुग्णांना बायपासचाच लाभ अधिक झाला. पुढल्याच वर्षी 'बॅसिल-२' या मुख्यतः ब्रिटनमधल्या अभ्यासात, गुडघ्याखालच्या रोगासाठी आधी फुग्याचा मार्ग धरलेल्यांची स्थिती बरी निघाली. दोन मोठे अभ्यास, दोन दिशा. आम्हांस यात विरोध दिसत नाही; रुग्ण निराळे होते. म्हणून डॉक्टरांस विचारावे की माझी नीला कशी आहे, माझ्या पावलापर्यंत कोणती वाट जिवंत आहे, आणि आपल्याकडे दोन्ही उपाय करणारे लोक आहेत का. ज्याच्यापाशी फक्त फुगा आहे त्याला सगळीकडे फुग्याचेच काम दिसते. हा टोला आमच्याच व्यवसायास आहे.

आणि फुगा असो की बायपास, तो वाट मोकळी करतो, रोग थांबवीत नाही. तंबाखू सोडणे, साखर, रक्तदाब आणि चरबी ताब्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी न चुकता घेणे, याला पर्याय नाही. जबलपूर, दमोह, सागर हा बिडीचा मुलूख. आपल्या घरांत बिडी कोणी ओढीत नाही असे आपण म्हणतो, पण पानाच्या डब्यातली तंबाखू मोजीत नाही. ज्यांच्या पोटरीत केवळ चालताना गोळा येतो आणि जखम नाही, त्यांना तर पहिला उपाय चालण्याचाच. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. आठवड्यातून निदान तीनदा, तीनेक महिने. आजूबाजूच्या बारीक वाटा आणि स्नायू यांची क्षमता वाढते, न थांबता चालण्याचे अंतर वाढते. नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस आजही इथून पायी पुढे जाताना आपण पाहतो. त्याच्या पोटऱ्यांकडे आम्ही आताशा निराळ्या डोळ्यांनी पाहतो.

येथे आपल्या दोन माणसांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. अरुण बाळ यांनी, नेदरलंड्सचे डॉ. कारेल बाकर आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासमवेत, या शतकाच्या आरंभी मधुमेह्यांच्या पायांसाठी 'स्टेप बाय स्टेप' नावाचा प्रशिक्षणक्रम उभा केला. त्यात एकटा डॉक्टर शिकायला येत नसे. डॉक्टर आणि त्याच्यासोबत काम करणारी परिचारिका अशी जोडी यावी लागे. नाडी हाताने पाहणे, नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासणे, चपलेत हात घालून आत काय टोचते ते पाहणे, घट्टे योग्य रीतीने काढणे, एवढ्याच गोष्टी. लाखांचे यंत्र नाही, लहरी नाहीत. २०२१ च्या आकडेवारीप्रमाणे भारतात मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे आहे. एवढ्या पायांना मुंबई गाठणे शक्य नाही. त्यांना गावातच कोणीतरी हात लावून पाहावे लागेल. अण्णांचा उजवा पाय गेला तो लहरींचे यंत्र त्या वेळी नव्हते म्हणून नव्हे. नाडीवर बोट ठेवले गेले असते तर २०११ साली उपलब्ध असलेल्या उपायांपैकी एखादा करून पाहता आला असता.

आमची वेळ संपत आली. आरतीची घंटा वाजण्यास अजून पाऊण तास आहे, म्हणून चिटणीसांच्या संमतीने एक व्यवस्था केली आहे. शेजारच्या खोलीत दोन नर्सबाई बसल्या आहेत. त्यांच्यापाशी नायलॉनचा तंतू, रक्तदाबाचा पट्टा आणि अंगठ्याचा दाब घेण्याचा लहान पट्टाही आहे. ज्यांना मधुमेह होऊन दहा वर्षे झाली आहेत, जे तंबाखू खातात किंवा खात असत, आणि जे आज वरच्या रस्त्यावरूनच परतले, त्यांनी मोजे काढून ओळीने आत जावे. स्त्रियांची ओळ डावीकडे आहे. धाकट्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांना धरून न्यावे, आणि नाडी कोठे लागते ते नर्सबाईंकडून आपल्या बोटांनी शिकून घ्यावे. येत्या दसऱ्याला उपयोगी पडेल.

पहिला नंबर अण्णांनी लावला आहे. त्यांना एकच पाऊल दाखवायचे असल्याने फार वेळ लागणार नाही, असे ते म्हणतात.